दहा दख्खनी मेंढ्या, वर्षाला दोन कातरण्या: लोकरीचं घरच्या घरी काय करावं?

शाळूभाकरी
नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यात दोन एकर कोरडवाहू रान, त्यात शाळू आणि तूर, दोन म्हशी, थोड्या कोंबड्या आणि दहा दख्खनी मेंढ्या, असा पसारा आहे. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. लोकरीचा भाव इतका पडलाय की कातरणाऱ्याची मजुरीही त्यातून निघत नाही. म्हणून आमच्याकडे बरेच जण ती बांधावर टाकतात, नाहीतर पेटवून देतात. ज्या मुलखात घोंगडीशिवाय पावसाळा निघत नव्हता तिथं लोकर उकिरड्यावर जावी, हे बघवत नाही.

दहा मेंढ्यांच्या लोकरीत नक्की काय बनतं? घरात माग नसताना काम कुठपर्यंत नेता येतं? आणि लोकरीला भावच नाही तर दख्खनी काढून मटणाच्या माडग्याळ जातीची मेंढी घ्यावी का? कृपया मोघम लिहू नका, मापं द्या.

माळरान
आधी हिशेब. दख्खनी मेंढी एका कातरणीला साधारण पाव ते अर्धा किलो लोकर देते. दहा मेंढ्यांची सरासरी धरली तर साडेतीन-चार किलो. पोटाची, शेपटाखालची, शेणानं माखलेली वेगळी काढली, उरलेली धुतली, पिंजली की माती, कचरा, तुटके केस जाऊन हातात अडीच किलो सूतजोगी लोकर राहते. चांगली नेहमीची घोंगडी दोन ते तीन किलोची असते. म्हणजे एका कातरणीला एक घोंगडी, वर्षाला दोन. विकून श्रीमंत कोणी होणार नाही, पण घरातल्या माणसांना पुरून एखादी लेकीला देता येईल.

कोकरांची पहिली कातरण, म्हणजे जावळ, या हिशेबात मिसळू नका. ती सगळ्यात मऊ. वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा.

कृष्णाकाठ
माळरानशी सहमत. भर एवढीच की केसाची लांबी बघा. सहा महिन्यांत दोन-अडीच इंच केस वाढतो. त्याहून आखूड केस सुतात धरत नाही, गळत राहतो. लोकर वाढू दे म्हणून कातरणी लांबवू नका, आणि घाईनं चार महिन्यांतही उरकू नका.

हिरण्यकेशी
कातरण्याआधी मेंढ्या धुवायच्या हे कोणी लिहिलं नाही. वाहत्या पाण्यात दोन दिवस आधी धुऊन घ्या, मग स्वच्छ, कोरड्या जागी बांधा. ओली मेंढी कधीच कातरू नये. ओली लोकर गोणीत भरली की आतून तापते, वास मारते, पिवळी पडते. कातरणीच्या आदल्या रात्री चारा देऊ नका. पोट भरलेलं जनावर आडवं पाडलं की धापा टाकतं.

घटप्रभा_डावा_कालवा
हिरण्यकेशी, धुण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. दिवाळीच्या कातरणीला पहाटे गारठा असतो. त्यात धुवायचं आणि लगेच अंगावरची लोकरही काढायची, म्हणजे न्युमोनियाला बोलावणं. त्या कातरणीला मेंढ्या कोरड्याच कातरा, लोकर नंतर धुवा. उन्हाळा लागतानाच्या कातरणीला मात्र खुशाल धुऊन घ्या.

दुसरी गोष्ट कुसळाची. माळावरचं कुसळी गवत पावसाळा संपता संपता पक्व होतं आणि त्याची टोकं लोकरीत घुसतात. नुसती लोकर खराब होत नाही, कुसळ पीळ खात कातडीत शिरतं, आत पू होतो. म्हणून दिवाळीकडची कातरणी कुसळ पिकायच्या आत उरका. तारीख पंचांगावर ठरवू नका, गवत बघून ठरवा. आखूड लोकरीत कुसळ टिकत नाही.

हिरण्यकेशी
पटलं. थंडीच्या कातरणीला कोरडंच बरं.

माळरान
कातरायची पद्धत लिहितो. मेंढी डाव्या कुशीवर आडवी करा, तीन पाय एकत्र बांधा, वरचा एक मोकळा ठेवा. खाली ताडपत्री किंवा जुनं पोतं हवंच, मातीत कातरलेली लोकर धुताना दुप्पट त्रास देते. आधी पोट आणि मांड्यांची लोकर काढून बाजूला टाका, मग पाठ आणि कुशी. डाव्या हातानं कातडी ताणून धरायची, कातर कातडीला लागून सपाट चालवायची. लोकर उचलून, ओढून कापली की कातडीची घडी वर येते आणि तिथंच जखम होते. मेंढीचे सड आणि मेंढ्याच्या मूत्राची जागा या ठिकाणी बोट आडवं ठेवल्याशिवाय कातर नेऊ नका.

एका जागी एकदाच कातर फिरली पाहिजे. वर राहिलेले खुंट दुसऱ्यांदा कापून साफ करायचा मोह होतो. ते अर्ध्या इंचाचे तुकडे चांगल्या लोकरीत मिसळतात आणि सुतात गाठी येतात. राहिले खुंट तर राहू देत.

जखम झालीच तर स्वच्छ करून हळद आणि करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल. माशी बसू द्यायची नाही, अळ्या पडायला वेळ लागत नाही.

सौंदत्ती_रोड
गाभण मेंढी शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात कातरू नका. आडवी पाडणं, बांधणं यानं गर्भ टाकायची भीती असते. कातरल्यावर पुढचे आठ-दहा दिवस रात्री आडोशाला आणि मूठभर भरडा जास्त. अंग उघडं पडलं की ऊब टिकवायला खाणं जास्त लागतं.

तंबाखूगल्ली_निपाणी
साठवणीचं सांगते. लोकरीला कसर लागली की सहा महिन्यांची मेहनत गेली. आमच्या बाजूला तंबाखूच्या काड्या आणि पानांचा चुरा मिळतोच. त्याच्या पुरचुंड्या करून लोकरीच्या थरात ठेवतात. मोकळा चुरा टाकू नका, तो लोकरीत अडकतो आणि पिंजताना नाकातोंडात जातो. पोरं आणि जनावरं यांच्यापासून पुरचुंडी लांबच हवी, तंबाखू पोटात गेली तर विषच आहे. नसेल तर वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेला कडुनिंब. पण खरं औषध ऊन. महिन्यातून एकदा लोकर उन्हात पसरून झटकली तर कसर टिकत नाही. प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका, घाम धरतो.

मलप्रभा_खानापूर
खानापूरच्या जंगलपट्ट्यात मेंढ्या ठेवाव्यात का, हेही कोणी सांगेल का? इकडं पाऊस फार आहे.

घटप्रभा_डावा_कालवा
मलप्रभा, स्पष्ट सांगतो, नको. दख्खनी मेंढी अथणी, रायबाग, गोकाक, चिकोडीच्या कोरड्या माळाची. तुमच्याकडच्या पावसात खूर सडतात, ओल्या गवतातून आणि साचलेल्या पाण्याकाठी यकृतातले चपटे कृमी होतात, लोकर महिनोन् महिने ओली राहते. तुम्ही म्हशी आणि कोंबड्या करा, हातकामाला वेताची आणि बांबूची बुट्टी, सुपं आहेतच.

अथणीकर
खुरांचा विषय निघालाच आहे तर. काळ्या रानात पावसाळ्यात आमच्याकडंही खूर सडतात. बोटांच्या बेचक्यात घाण वास, लंगडणं. वाढलेलं खूर कापून साफ करा, मग मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवा: दहा लिटर पाण्याला अर्धा किलो. पत्र्याच्या भांड्यात करू नका, मोरचूद लोखंड खातं. प्लास्टिकचं घमेलं घ्या.

सौंदत्ती_रोड
अथणीकर अण्णा, एक सावधगिरी जोडते. मेंढीला तांबं सोसत नाही, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. मेंढ्या आधी पोटभर पाणी पाजून मगच त्या पाण्यात उभ्या करायच्या, म्हणजे ते पाणी पिणार नाहीत. काम झालं की ओतून द्यायचं, पण चाऱ्याच्या बांधावर नाही. शक्य असेल तर झिंक सल्फेट वापरा, दहा लिटरला एक किलो, ते जास्त सुरक्षित. याच कारणानं गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नये. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस जनावर अचानक लाल लघवी करून मरतं. मेंढीचं वेगळं मिश्रण मिळतं, तेच मागा.

अथणीकर
बरोबर आहे अक्का. पाणी पाजून उभं करायचं हे मी लिहायला हवं होतं.

कृष्णाकाठ
पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस विसरू नका. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत आधाशीपणे खाऊन धडधाकट मेंढी रात्रीत मरते ती यानंच. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लस, जंतनाशक यांचं वेळापत्रक गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून मिळतं. अडचणीला पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा नंबर आहे. आता लोकरीकडं परत चला.

लोकरधागा
धुणं, पिंजणं, कातणं हे तिन्ही माझ्या रोजच्या कामातले विषय, म्हणून सविस्तर लिहिते.

धुणं. दख्खनी लोकरीला तेलकटपणा फार नसतो, त्यामुळं तिखट साबण किंवा सोडा नको. रिठा पुरतो. किलोभर लोकरीला दोन मुठी रिठे रात्री भिजवून सकाळी उकळून गाळा. हाताला सोसेल त्याहून जरा जास्त कढत पाण्यात रिठ्याचं पाणी घाला, लोकर वरून दाबून बुडवा आणि वीस मिनिटं हात लावू नका. चोळायचं नाही, पिळायचं नाही, वरून नळाची धार सोडायची नाही. कढत पाण्यातून काढून एकदम गार पाण्यात टाकली आणि चोळली की लोकर आक्रसते आणि तिचा गोळा होतो. मग तो पिंजता येत नाही. दुसरं पाणी पहिल्याइतकंच गरम घ्या. नंतर चाळणीत निथळून सावलीत जाळीवर पसरा.

रंग निवडणं धुण्याआधीच करा. काळी, करडी, पांढरी असे तीन ढीग. काळ्या लोकरीची टोकं उन्हानं तांबूस झालेली असतात, तो दोष नाही, कातल्यावर सुताला सुरेख छटा येते.

पिंजणं. पिंजाऱ्याची कमान मिळाली तर उत्तम. घरी दोन तारेचे ब्रश चालतात, कुत्र्याचे केस विंचरायला मिळतात तेच. एका ब्रशवर चिमूटभर लोकर, दुसऱ्यानं हलक्या हातानं विंचरायची. ब्रश भरून घेतला की गाठी तशाच राहतात. चार-पाच वेळा विंचरून लोकर सुटी झाली की काडीवर गुंडाळून पेळू करा, बोटाएवढा जाड, वीतभर लांब. पेळू घट्ट वळू नका, हवा राहिली पाहिजे.

कातणं. हा केस राठ आहे, म्हणून कापसासारखं बारीक सूत काढायच्या नादी लागू नका. जाड, ज्वारीच्या चिपाडाच्या सालीएवढं सूत काढा. पीळ कमी पडला तर सूत ओढताना सुटतं, जास्त झाला तर आपोआप वेढे घेऊन गाठ मारतं. परीक्षा सोपी: हातभर सूत मधे दुमडून सोडा. दोन धागे एकमेकांवर सावकाश तीन-चार वेढे घेऊन थांबले तर पीळ बरोबर. टकळीवर कातणार असाल तर ती जरा जड घ्या, हलकी टकळी राठ सुताला पीळ देता देता थांबते. सुताच्या लड्या करून ओल्या करा, खाली वजन अडकवून वाळवा, मग पीळ बसतो.

शाळूभाकरी
लोकरधागाताई, हेच हवं होतं. मग विणायचं कुठं? खड्डा-माग घालायला जागा आहे, पण चालवणारं कोणी नाही.

माळरान
घालू नका. माग घालणं सोपं, पण ताणा म्हणजे उभे धागे लावणं, त्यांना खळ देणं, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हात बसणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे. घोंगडीपुरतं सूत कातून विणकराकडं द्या. काही ठिकाणी मजुरी रोख घेतात, काही ठिकाणी लोकरीचा वाटा चालतो. आधी विचारून घ्या. घोंगडी हातावर मोजतात, आठ हात, दहा हात, तीही बोली आधीच करा. आणि उभ्या धाग्याचं सूत वेगळं द्या, ते जास्त पिळाचं आणि एकसारखं लागतं. तुटकं सूत उभ्यात गेलं की विणकर तुम्हाला दुसऱ्यांदा दारात उभं करणार नाही.

वेदगंगा
खळ कशी करतात?

माळरान
चिंचोक्याची. चिंचोके भाजून टरफल काढायचं, आतली पांढरी डाळ भिजवून वाटायची किंवा दळून पीठ करायचं. वाटीभर पीठ आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मग दहा-बारा वाट्या पाण्यात ढवळत शिजवा, पातळ पिठल्यासारखी चिकट झाली की उतरवा. ताण्यावर कुंच्यानं एकाच दिशेनं लावतात, राठ केस सुताला चिकटून बसतो आणि विणताना तुटत नाही. विणून झाल्यावर घोंगडीलाही देतात, त्यानं ती ताठ होते आणि पावसाचं पाणी वरून ओघळतं. खळ नासते, त्या दिवसाची त्या दिवशी संपवा. ओली खळ लावलेली घोंगडी ढगाळ हवेत वाळवू नका, बुरशी धरते.

लोकरधागा
माग नसलेल्या घरासाठी बसायचं आसन हे सगळ्यात सोपं काम. सागाच्या नाहीतर बाभळीच्या चार पट्ट्यांची दोन फूट बाय दोन फूट चौकट. वरच्या आणि खालच्या पट्टीवर आठ-आठ मिलिमीटरवर चुका मारा, साधारण पंचाहत्तर येतील. एका ओळीत मारल्या तर लाकूड चिरतं, एक वर एक खाली अशा मारा. उभा धागा कापसाच्या सुताचा घ्या, बाजारातली पक्क्या पिळाची दोरी, लोकरीचा नको. आडवा धागा तुमचा हातकताईचा.

चूक होते ती कडेला. आडवा धागा सरळ ओढून घातला की प्रत्येक ओळीत कडा थोड्या आत येतात आणि चौकोनाची डमरू होते. धागा कमानीसारखा उचलून सैल घाला, मग फणीनं ठोकून बसवा. केस विंचरायची लाकडी फणीही चालते. दर चार बोटांनी पट्टीनं रुंदी मोजा. चौरस दोन फुटांच्या आसनाला सातशे ग्रॅमपर्यंत सूत जातं, म्हणजे एका कातरणीत घोंगडीऐवजी तीन आसनं होतात. पांढरी आणि काळी लोकर असेल तर रंगाची गरजच नाही.

मलप्रभा_खानापूर
रंगवायची असेल तर हिरडा आमच्या जंगलातला. पांढरी धुतलेली लोकर आधी तुरटीत: लोकरीच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के तुरटी, लोकर बुडेल एवढं पाणी, न उकळता कढत ठेवून तासभर. मग हिरड्याच्या काढ्यात तासभर, पिवळट रंग येतो. त्यात हिराकस (लोखंडाचं लवण) चिमटीनं टाकलं की राखाडी ते काळपट. हिराकस वजनाच्या दोन टक्क्यांपुढं नेऊ नका, केस ठिसूळ होतो. डाळिंबाची सालं वापरली तर पिवळा जास्त उजळ.

अथणीकर
हिरडा निघाला म्हणून थोडं विषयांतर. कातडी कमावायलाही बाभळीची साल आणि हिरडाच लागतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत. तळ म्हशीच्या चामड्याचा, वेणी शेळीच्या. मेंढीचं चामडं वेणीला चालत नाही, लोकरीच्या मुळांमुळं ते सैल आणि कमजोर असतं.

वेदगंगा
पोटाची आणि शेणानं भरलेली लोकर काय करायची? तीही बरीच निघते.

कृष्णाकाठ
झाडाच्या बुंध्याला. नारळ, चिकू, आंबा, खोडापासून वीतभर सोडून आळ्यात पसरा, वर माती टाका. कुजायला महिने लागतात, पण लोकरीत नत्र भरपूर असतं, ते सावकाश सुटतं आणि आळ्यात ओल टिकते. माती टाकली नाही तर कुत्री ओढून नेतात. जाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. जाळलं की नत्र धुरात गेलं.

तंबाखूगल्ली_निपाणी
शाळूभाकरींनी मूळ विचारलं होतं दख्खनी की माडग्याळ, ते राहूनच गेलं.

घटप्रभा_डावा_कालवा
माडग्याळ जत भागातली, अथणीला लागूनच. अंगानं मोठी, कोकरू लवकर वजन धरतं, मटणाच्या बाजारात भाव चांगला. पण अंगावर लोकर नावालाच. नुसता पैशाचा हिशेब असेल तर माडग्याळ सरस, यात वाद नाही.

माळरान
वाद आहे. तो हिशेब चारा मुबलक असेल तरचा. कोरड्या वर्षात माळाच्या खुरट्या गवतावर, शाळूच्या धाटांवर आणि लांबच्या चालीवर दख्खनी तगून राहते. मोठ्या अंगाला जास्त चारा लागतो, तो विकत आणला की फरक आटतो. शिवाय दख्खनीच्या कळपात माडग्याळचा नर घातला की दोन पिढ्यांत लोकर संपते, ती परत आणता येत नाही. दहा मेंढ्यांच्या घरानं ठरवून दख्खनी नर राखला पाहिजे, कारण मोठ्या कळपांतून तो आता जातोय.

घटप्रभा_डावा_कालवा
नराचा मुद्दा मान्य. मग मधला मार्ग असा: दख्खनी माद्या, दख्खनीच नर, पण नर दर दोन वर्षांनी बाहेरच्या कळपातून बदलायचा, नाहीतर नात्यातल्या संकरानं कोकरं बारकी होतात. उत्पन्न वाढवायचं तर खतासाठी मेंढ्या रात्री रानात बसवा. दहा मेंढ्यांना रोजंदारी कोणी देणार नाही, पण स्वतःच्या रानात वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) रोज सरकवत नेली तर शाळू पेरायच्या आत बराच तुकडा लेंडीखत आणि मुतानं भरून निघतो. वाघर एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त ठेवू नका. आणि बसवल्यावर लगेच नांगरा, उन्हात लेंडी वाळली की अर्धं सत्त्व उडून जातं.

शाळूभाकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. दख्खनीच ठेवायचं ठरलं, नर बाहेरून आणायचा. येत्या दोन कातरण्यांची काळी लोकर घोंगडीला, पांढरी आसनांना, पोटाची नारळाच्या आळ्यात. लोकरधागाताई, एकच राहिलं: आसनाचा उभा धागा चौकटीवर किती ताणायचा?

लोकरधागा
बोटानं दाबला तर अर्धा इंच खाली जावा, सोडल्यावर लगेच वर यावा. सगळे धागे सारखे हवेत, एकही सैल राहिला तर तिथं विणीत फुगा येतो. विणत वर गेलं की धागे आपोआप घट्ट होतात, म्हणून सुरुवातीला तार छेडल्यासारखे ताणू नका, शेवटच्या चार बोटांत सुईसुद्धा शिरणार नाही. तो शेवटचा भाग तसाही हातानं, गोणी शिवायच्या दाभणानंच भरावा लागतो. दाभण वाकड्या टोकाचा घ्या.